कल्याणचा इराणी बिशप : सहाव्या शतकांतील एक उल्लेख आणि त्याची परंपरा

कल्याण बंदराचा इतिहास सांगतांना कान्हेरीच्या लेण्यांतील दाते, शिलाहारांचे ताम्रपट आणि शिवछत्रपतींनीं तेथें आरंभिलेलें आरमार या तीन गोष्टींचा परामर्श बहुधा घेतला जातो. या मालिकेंत आणखी एक दुवा आहे व तो इतिहासदृष्ट्या कमी मोलाचा नाहीं. इ. स. ५४७ च्या सुमारास, म्हणजे शके ४६९ च्या आगेंमागें, लिहिल्या गेलेल्या एका ग्रीक ग्रंथांत असें नमूद आहे कीं, 'कल्लियाना' येथें ख्रिस्ती लोकांचा एक बिशप असून त्याची नेमणूक इराणांतून होत असते. उल्लेख एवढाच. बिशपाचें नांव, त्याच्या कारकीर्दीचीं वर्षें, त्याच्या मंडळीची संख्या, यांपैकीं कांहींहि ग्रंथकारानें दिलेलें नाहीं. तथापि महाराष्ट्रांतील ख्रिस्ती मंडळीसंबंधीं कालनिश्चिति होऊं शकेल असा पहिला लेखी पुरावा आमच्या मतें हाच होय.

या एका वाक्याची दोन प्रकारें ओढाताण झालेली आहे. एक पक्ष म्हणतो, हें कल्याण कोंकणांतलें नव्हेच. तें उडुपीजवळचें कल्याणपूर, किंवा केरळांतील कोल्लम. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, साष्टी-वसईकडील आजचा ख्रिस्ती समाज हा त्याच बिशपाच्या मंडळीचा अखंड वंशज असून पोर्तुगीजांनीं त्यास केवळ रोमन पंथांत आणलें. पहिलें मत मानलें तर आपल्या किनाऱ्याच्या इतिहासांतून एक अस्सल दुवा निखळतो. दुसरें मानलें तर पुराव्याच्या जागीं अभिमान येऊन बसतो. बिशपाची गादी आपल्याच कल्याणास होती हें खरें. ती परंपरा अखंड चालली नाहीं हेंहि तितकेंच खरें. आणि ती कां तुटली याचें कारण त्या बिशपाच्या नेमणुकीच्या पद्धतींतच आहे, असें उपलब्ध साधनांवरून आम्हांस दिसतें. तेंच येथें क्रमानें मांडावयाचें आहे.

१. ग्रंथ, ग्रंथकार व त्याची माहिती

या ग्रंथाचें नांव मराठींत 'ख्रिस्ती भूवर्णन' असें करतां येईल. पोथ्यांतून ग्रंथकाराचें नांव कॉस्मास असें आढळतें. त्यास जोडलेल्या उपपदाचा अर्थ 'हिंदुस्थानचा जलप्रवास केलेला' असा आहे. तो अलेक्झांड्रियाचा व्यापारी. तांबड्या समुद्रांत व हबसाणाच्या किनाऱ्यावर त्यानें व्यापार केला आणि पुढें तो लेखनाकडे वळला. पृथ्वी वाटोळी नसून सपाट आहे व सगळें विश्व एखाद्या पेटीसारखें आहे, हें त्याच्या ग्रंथाचें प्रतिपाद्य. त्याकरितां पुढील पिढ्यांनीं त्याची बरीच थट्टा केली. परंतु सिद्धांत भ्रामक असला म्हणून साक्ष खोटी ठरत नाहीं. हबसाणांतील अदुलिस बंदरांत इ. स. ५२५ च्या सुमारास त्यानें तेथील राजाच्या इच्छेवरून दोन ग्रीक लेखांची नक्कल केली. त्यांपैकीं एक लेख मिसरच्या तिसऱ्या टॉलेमी राजाचा होता. मूळ शिला आज उपलब्ध नाहीं. लेखाचा पाठ उरला आहे तो कॉस्मासच्या नकलेमुळेंच. जो मनुष्य लेख दिसला तसा उतरून ठेवतो, त्याची साक्ष पारखून पण आदरानें घ्यावी, हें ताम्रपट वाचणारांस निराळें सांगावयास नको.

ग्रंथाच्या तीन प्रमुख पोथ्या आहेत. व्हॅटिकन येथील पोथी नवव्या शतकांतील. सिनाई पर्वतावरील मठाची व फ्लॉरेन्सची या दोन्ही अकराव्या शतकांतील. अठराव्या शतकाच्या आरंभीं मोंफोकों या फ्रेंच पंडितानें पॅरिस येथें हा ग्रंथ छापून काढला व इ. स. १८९७ त मॅक्क्रिंडल यानें त्याचें इंग्रजी भाषांतर हॅक्लूट सोसायटीकडून प्रसिद्ध केलें. म्हणजे वाक्य पुरातन पोथीचें आहे, कोणा अर्वाचीन लेखकाची ती जोड नव्हे.

कॉस्मास स्वतः कल्याणास आला होता कीं नाहीं, याविषयीं विद्वानांत मतभेद आहे. प्रस्तुत वाक्यापुरता तो वाद आम्ही गौण समजतों, आणि त्याचें कारण महत्त्वाचें आहे. आपलें धर्मज्ञान आपण पात्रिकियस नांवाच्या एका सत्पुरुषापासून घेतलें, असें कॉस्मास सांगतो. हा पुरुष खाल्डियन लोकांच्या देशांतून आला, त्याचेबरोबर एडेसाचा थॉमस नांवाचा शिष्य होता आणि ग्रंथलेखनाचे वेळीं तो सर्व इराणच्या ख्रिस्ती मंडळीच्या मुख्य गादीवर बसलेला होता, अशीहि माहिती तो देतो. हा पात्रिकियस म्हणजे इराणी मंडळीचा प्रसिद्ध कॅथोलिकॉस पहिला मार आबा होय, याविषयीं आतां शंका उरलेली नाहीं. मार आबा मूळचा जरथुष्ट्री. ख्रिस्ती झाल्यावर त्यानें निसिबिस येथें अध्ययन केलें, रोमन साम्राज्यांत प्रवास केला, व इ. स. ५४० पासून ५५२ पर्यंत तो त्या गादीवर होता. खुश्रू अनुशीरवान याच्या कारकीर्दींत त्यानें कैद व हद्दपारी दोन्ही सोसलीं.

आतां दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्या. कल्याणचा बिशप इराणांतून नेमला जातो असें सांगणारा ग्रंथकार, आणि ज्याच्या मंडळींतून ती नेमणूक होत होती त्या मंडळीचा मुख्य, हे गुरुशिष्य होते. तेव्हां हें विधान बंदरांतील खलाशांच्या गप्पांवर आधारलेलें नसून त्या मंडळीच्या कारभाराशीं ज्याचा निकटचा संबंध होता, अशा पुरुषाच्या सहवासांत वावरलेल्या लेखकाचें आहे. या एका वाक्याचें खरें बळ येथें आहे.

२. हें कल्याण कोणतें?

कॉस्मासनें आपल्या अकराव्या खंडांत हिंदुस्थानच्या व्यापारी पेठांची यादी दिली आहे. तिचा क्रम असा : सिंधु, ओर्होथा, कल्लियाना, सिबोर, त्यानंतर मिरीच्या मले देशांतील पांच पेठा. या पांचांत मंगरूथ हें नांव आहे, तें मंगळूर होय. पुढें समुद्रांतील सिंहलद्वीप सांगून तो पुन्हां मुख्य भूमीवर पूर्वेकडील शंखांच्या पेठेकडे वळतो. म्हणजे यादी सिंधूच्या मुखापासून किनाऱ्याकिनाऱ्यानें दक्षिणेस उतरत जाणारी आहे. ओर्होथा म्हणजे सुराष्ट्र व सिबोर म्हणजे चेऊल, हे अर्थ बहुतेकांस मान्य आहेत. सुराष्ट्र व चेऊल यांच्या मध्यें येणारें कल्याण तें ठाणें जिल्ह्यांतील उल्हास नदीवरचेंच असावें लागतें. उडुपीजवळील कल्याणपूर हें बर्नेलनें सुचविलेलें स्थळ चेऊलच्या बरेंच खालीं, मंगळुराच्या शेजारीं पडतें. तें मानल्यास सबंध यादीचा क्रम उलटापालटा करावा लागेल.

कोल्लमचा पक्ष त्याहून दुबळा आहे. ज्या वाक्यांत बिशपाचा उल्लेख आहे, त्याच ठिकाणीं मिरी पिकते त्या मले देशांतील ख्रिस्ती मंडळीचा उल्लेख निराळा केलेला आहे. कोल्लम हें मले देशांतच येतें. एकाच मंडळीची एका ओळींत दोनदां गणना करण्याचें ग्रंथकारास कारण नव्हतें. शिवाय कल्लियानाहून काय माल बाहेर जाई, तेंहि त्यानें सांगितलें आहे : तांबें, एक प्रकारचें इमारती लांकूड (तें शिसवी असावें असें मानतात) व अंगावर घालावयाचें कापड. यांत मिऱ्याचें नांव नाहीं. जें बंदर मलबारांत असतें, त्याच्या निर्यातींतून मिरें वगळलें गेलें असतें, हें संभवत नाहीं. उलट घाटावरून नाणेघाट-बोरघाटांतून उतरणारें कापड व सह्याद्रीच्या रानांतील लांकूड कल्याणच्या धक्क्यावर यावें हें स्वाभाविकच होय. इ. स. १८८२ त प्रसिद्ध झालेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांतहि कॉस्मासचें कल्लियाना हें हेंच कल्याण मानलें आहे.

कल्याणची योग्यता त्यापूर्वीं कित्येक शतकें सिद्ध झालेली होती. इ. स. च्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' नामक ग्रीक जलमार्गदर्शिकेंत कल्याण हें पूर्वीं कायदेशीर पेठ होतें, पण नवीन सत्ताधाऱ्याच्या अमलांत तेथें चुकून आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्यांत भडोचकडे नेलीं जातात, असें म्हटलें आहे. आज बोरिवलीच्या पूर्वेस असलेल्या कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या रहिवाशांनीं दिलेल्या दानांचे लेख अनेक आहेत. व्यापारी, सोनार, लोहार असे नाना धंद्यांचे लोक त्यांत आपलें गांव 'कल्याण' म्हणून सांगतात. साष्टी बेट व कल्याण हीं एकाच पाण्याचीं शेजारी. ठाण्यापाशीं उल्हासचें पाणी फुटून एक फांटा उत्तरेकडून वसईच्या खाडीनें, व दुसरा मुलुंड-घाटकोपरच्या पूर्वेकडून ठाण्याच्या खाडीनें समुद्राकडे जातो. कल्याणचें गलबत कोणत्याहि वाटेनें निघालें तरी त्यास साष्टीच्या कडेनेंच जावें लागे. म्हणून कल्याणच्या बिशपाचा प्रश्न हा आजच्या उपनगरांच्याहि इतिहासाचा प्रश्न आहे.

राजसत्तेसंबंधींहि कॉस्मास एक उपयुक्त गोष्ट सांगतो. हत्ती बाळगणाऱ्या हिंदुस्थानांतील राजांत तो कल्लियानाचा राजा निराळा गणतो. त्या काळीं उत्तर कोंकणांत त्रैकूटकांची सत्ता नुकतीच होऊन गेली होती; त्रैकूटक संवत २४५ चा, म्हणजे इ. स. ४९४-९५ चा ताम्रपट कान्हेरीच्या स्तूपांत सांपडला आहे. त्यांच्यामागून कोंकणांत मौर्य राजे झाले व इ. स. ६३४ च्या ऐहोळे प्रशस्तीप्रमाणें त्यांचा दुसऱ्या पुलकेशीनें पराभव केला. बिशपाची गादी याच धामधुमीच्या काळांतली.

३. गादी कल्याणास कां?

ही गादी इराणशीं कां जोडलेली होती, याचें उत्तर त्या काळच्या समुद्रव्यापारांत आहे. रोमन बादशहा जस्टिनियन यानें रेशमाचा व्यापार इराण्यांच्या हातून काढण्यासाठीं हबसाणच्या राजाकडे वकील पाठविला. पण हिंदुस्थानचीं गलबतें ज्या बंदरांत प्रथम लागत तेथें इराणी व्यापारी आधींच बसलेले असल्यामुळें तो बेत फसला, असें प्रोकोपियस या इतिहासकारानें लिहिलें आहे. या इराणी व्यापाऱ्यांत जरथुष्ट्री होते तसे ख्रिस्तीहि होते. त्यांचे उपाध्याय त्यांच्यामागून येत.

इराणच्या फारस प्रांतांत रेव-अर्दशीर येथें त्या मंडळीच्या प्रांतिक मुख्याची गादी होती व समुद्रापलीकडील मंडळ्यांचा कारभार तेथून चाले. पूजापाठाची भाषा सिरियाक. परंतु फारसकडील लोकांकरितां स्तोत्रें व प्रार्थना फारशींतहि रचलेल्या होत्या. पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील मार माना नामक फारसच्या मुख्यानें असे पाठ रचून किनाऱ्यावरील प्रदेशांस व हिंदुस्थानास पाठविले, असें 'सिर्तची बखर' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या अरबी ग्रंथांत नमूद आहे.

सिंहलद्वीपाविषयीं कॉस्मास अधिक तपशील देतो. तेथें वस्तीस राहिलेल्या इराणी ख्रिस्त्यांचें देऊळ असून इराणांत नेमलेला एक धर्मोपाध्याय व त्याचा साहाय्यक असतो; मात्र तेथील राजा व रयत अन्य धर्माची आहे, असें तो म्हणतो. यावरून दोन अनुमानें निघतात. एक असें कीं, कल्याणच्या मंडळींतहि मुख्य भरणा इराणी व्यापाऱ्यांचा व त्यांच्या परिवाराचा असावा. स्थानिक लोक त्यांत आले असल्यास तो गाभ्याभोंवतींचा विस्तार. दुसरें अनुमान अधिक महत्त्वाचें. सिंहलद्वीपास साधा उपाध्याय, मलेस मंडळीचा केवळ उल्लेख, आणि कल्याणास मात्र बिशप. उपाध्यायास दीक्षा देण्याचा अधिकार बिशपासच असतो. म्हणजे सहाव्या शतकाच्या मध्यास हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर या मंडळीचें जें मुख्य ठाणें होतें तें मलबारांत नसून उत्तर कोंकणांत होतें. केरळांतील प्राचीन ख्रिस्ती परंपरेचा अभ्यास करणारांनींहि या गोष्टीकडे दुर्लक्ष करतां नये.

४. गादी रिकामी कशी झाली?

जी नेमणूक परदेशांतून होते, ती परदेशांतील भांडणानें थांबूं शकते. तसेंच घडलें. सातव्या शतकाच्या मध्यास अरबांनीं इराण जिंकलें. त्याच सुमारास, इ. स. ६४९ पासून ६५९ पर्यंत कॅथोलिकॉस असलेला तिसरा ईशोयाब आणि रेव-अर्दशीरचा मुख्य शिमोन यांच्यांत अधिकाराचा मोठा कलह माजला. ईशोयाबनें शिमोनास लिहिलेलीं पत्रें आज उपलब्ध आहेत. तुमच्या बंडखोरीमुळें इराणच्या सरहद्दीपासून पुढें बाराशें फर्सख पसरलेल्या हिंदुस्थानच्या प्रदेशांत बिशपांची परंपरा बंद पडली व तेथील लोक मार्गदर्शनावांचून राहिले, असा त्यांत स्पष्ट आरोप आहे. पत्रांत कल्याणचें नांव नाहीं. परंतु ज्या किनाऱ्याविषयीं ही तक्रार आहे, त्याच किनाऱ्यावर शंभर वर्षांपूर्वीं कल्याणची गादी नांदत होती. पुढें पहिला तिमथी (इ. स. ७८०-८२३) याच्या कारकीर्दींत हिंदुस्थान रेव-अर्दशीरच्या अमलांतून काढून त्याचा कारभार निराळा करण्यांत आला. तोंपर्यंत या किनाऱ्यावरील व्यापाराचें गुरुत्व सरकलें होतें. नवव्या-दहाव्या शतकांतील अरब प्रवाशांच्या लेखनांत सैमूर म्हणजे चेऊल, सोपारा व ठाणें यांचीं नांवें पुढें येतात, मसूदी इ. स. ९१६ च्या सुमारास चेऊलास आला, त्यावेळीं तेथें मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वसाहत होती. समुद्रव्यापारांत कल्याणची जागा ठाण्यानें घेतली.

कल्याणच्या बिशपाच्या मंडळीचें शेवटचें चिन्ह आम्हांस दिसतें तें याच ठाण्यांत. इ. स. १३२१ त जॉर्डेनस नांवाचा फ्रेंच डोमिनिकन साधु व त्याचेबरोबर टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर व टिफ्लिसचा डिमीट्रियस असे चौघे फ्रान्सिस्कन ठाण्यास उतरले. त्यावेळीं ठाण्यांत नेस्टोरियन ख्रिस्त्यांचीं पंधरा घरें होतीं, असें ओदोरिक या प्रवाशानें लिहून ठेवलें आहे. 'नेस्टोरियन' हें पाश्चात्यांनीं इराणी-सिरियन मंडळीस दिलेलें नांव. साधु उतरले तेहि यांपैकींच एका घरीं. जॉर्डेनस सोपारा-भडोचकडे गेला असतां मागें राहिलेल्या चौघांचा तेथील काजीशीं धर्मवाद झाला, व ९ एप्रिल रोजीं तिघे आणि ११ एप्रिल रोजीं चवथा, असे चौघेहि मारले गेले. त्यावेळीं शके १२४३ चा आरंभ होता. जॉर्डेनसनें परत येऊन त्यांचीं प्रेतें सोपारा येथें पुरलीं. ओदोरिकनें मागाहून त्यांच्या अस्थि चीन देशास नेल्या.

जॉर्डेनसचीं पत्रें व त्याचा 'आश्चर्यवर्णन' हा ग्रंथ या विषयाचीं मोलाचीं साधनें आहेत. ठाणें व सोपारा यांच्या दरम्यान आपण पस्तीस जणांस बाप्तिस्मा दिल्याचें तो एका पत्रांत लिहितो. ग्रंथांत तो सांगतो कीं, या भागांत इकडे एक तिकडे एक असे विखुरलेले लोक आहेत. ते स्वतःस ख्रिस्ती म्हणवितात, परंतु त्यांस बाप्तिस्मा नाहीं, धर्माचें ज्ञान नाहीं, आणि संत थॉमस हाच ख्रिस्त अशी त्यांची समजूत आहे. जॉर्डेनस हा परपंथीयांविषयीं कठोर लिहिणारा, हें ध्यानांत घेऊनहि त्याची साक्ष बोलकी आहे. ज्या मंडळीस बिशप नाहीं तिला नवा उपाध्याय मिळत नाहीं. उपाध्याय नाहीं तेथें बाप्तिस्मा व पूजा लोपतात. आणि शेवटीं उरतें तें केवळ नांव. ईशोयाबनें सातव्या शतकांत ज्या अनर्थाची तक्रार केली, त्याचा परिणाम चौदाव्या शतकांत जॉर्डेनसनें डोळ्यांनीं पाहिला, असा आम्ही या दोन साधनांचा संबंध लावतों. इ. स. १३२९ त पोप बाविसावा जॉन यानें जॉर्डेनसला बिशप नेमलें, तेंहि कल्याणचा नव्हे तर कोल्लमचा. आठशें वर्षांत तराजूचें पारडें दक्षिणेकडे झुकलें होतें.

५. साष्टींतील चर्चें व वंशपरंपरेचा प्रश्न

आतां दुसऱ्या पक्षाचा विचार करूं. इ. स. १५३४ च्या डिसेंबरांत गुजराथच्या बहादूरशहानें वसई, साष्टी व मुंबई पोर्तुगीजांस तहानें दिल्या. त्यानंतर फ्रान्सिस्कन व जेझुइट साधूंनीं साष्टींत कार्य आरंभिलें. बोरिवलीजवळ मंडपेश्वराच्या शैव लेण्यांचें फ्रान्सिस्कन आंतोनियो दो पोर्तु यानें देवालयांत रूपांतर केलें. वरील टेकाडावर त्यांच्या मठाचे व विद्यालयाचे अवशेष अद्याप उभे आहेत. अंधेरीस, आजच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीच्या आवारांत, योहान बाप्तिस्त्याचें इ. स. १५७९ चें चर्च भग्नावस्थेंत आहे. सांथीमुळें १८४० त तें सोडून वस्ती मरोळास गेली. या व अशा चर्चांचा प्रारंभ सोळाव्या शतकांतील बाप्तिस्म्यांपासून होतो. पूजेची भाषा पूर्वीं लॅटिन होती, आडनांवें पोर्तुगीज, सणवार रोमन पंचांगाचे. सिरियाक भाषेचा किंवा इराणी विधींचा अवशेष त्यांत दिसत नाहीं. कोळी, कुणबी, भंडारी इत्यादि ज्या ज्ञातींतून हा समाज झाला, त्यांच्या मूळ चालीरीति, मराठी बोली व लग्नांतील गाणीं यांवरून त्यांचें नातें येथील मातीशींच आहे हें उघड दिसतें, इ. स. १८८७ त त्यांनीं 'ईस्ट इंडियन' हें नांव घेतलें तेंहि आपलें निराळेपण दाखविण्यासाठीं. त्यांच्या प्राचीनतेसाठीं सहाव्या शतकांतील इराणी बिशपाचा आधार शोधण्याची गरज नाहीं. त्यांची प्राचीनता कोंकणी भूमिपुत्रांची आहे, व तीच मोठी आहे.

प्रेषित बार्थोलोम्यू कल्याणास आला होता, असेंहि मत कांहीं विद्वानांनीं मांडलें आहे. त्याचा आधार युसीबियस या चवथ्या शतकांतील इतिहासकाराचें एक कथन होय; त्यांत पँतीनस नामक पंडित 'हिंदुस्थानास' गेला असतां तेथें त्यास बार्थोलोम्यूनें ठेवलेलें मत्तयाचें शुभवर्तमान मिळालें, असें आहे. परंतु त्यांत कल्याणचें नांव नाहीं, आणि त्या काळीं ग्रीक लेखक हिंदुस्थान हें नांव अरबस्तान-हबसाणासहि लावीत. कॉस्मासचें वाक्य व हें कथन यांस एकाच मापानें मोजतां येत नाहीं. पहिलें समकालीन असून स्थळाचें नांव घेऊन बोलतें. दुसरें ऐकीव असून स्थळाविषयीं मुग्ध आहे.

येथें एक विरोध नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. अंधेरीस आंबोली गांवीं संत ब्लेझ यांचें चर्च आहे. हे ब्लेझ आर्मेनियांतील सेबास्ते नगरीचे बिशप, इ. स. ३१६ च्या सुमारास हुतात्मा झाले अशी परंपरा आहे. घशाच्या दुखण्यावर त्यांचा नवस चालतो व ३ फेब्रुवारीस त्यांच्या सणाला दोन मेणबत्त्या गळ्याशीं धरून आशीर्वाद देतात. साष्टीशीं ज्यांचा कधीं संबंध आला नाहीं अशा बिशपाचें नांव येथील मुलांच्या ओठीं आहे; आणि खाडीपलीकडे गादीवर बसलेल्या बिशपाचें नांवहि उरलें नाहीं. कारण स्पष्ट आहे. ब्लेझ यांचें स्मरण राखणारी मंडळी टिकली, कल्याणच्या बिशपाचें स्मरण राखणारी मंडळी विरली. संतांची कीर्ति त्यांच्या पुण्याईवर जितकी, तितकीच त्यांच्यामागें पोथी वाचणाऱ्या उपाध्यायावर अवलंबून असते.

६. संग्राहकांस विनंती

या गादीचा शेष भूमींत असण्याचा संभव आम्ही निकालांत काढीत नाहीं. चेन्नईजवळच्या परंगीमलईवर इ. स. १५४७ त व केरळांत कोट्टयम आदि ठिकाणीं पहलवी अक्षरांचे लेख असलेले दगडी क्रूस मिळाले आहेत. गोव्यांत जुवारी नदीवरील आगशी येथें (वसईजवळची आगाशी नव्हे) २००१ सालीं तसाच एक क्रूस उजेडांत आला. म्हणजे या चिन्हांची मर्यादा उत्तरेकडे कोंकणपट्टीपर्यंत आली आहे. सोपाऱ्यास भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ त स्तूप उकरीपर्यंत त्या टेकाडास लोक राजाचा कोट समजत होते, हेंहि स्मरावें.

मात्र शोध करतांना विवेक पाहिजे. पहलवी अक्षर दिसलें कीं तें ख्रिस्ती, असें समजूं नये. कान्हेरीच्या लेण्यांत इ. स. १००९ व १०२१ या वर्षींचे पहलवी लेख आहेत. ते तेथें लेणीं पाहण्यास आलेल्या पारशी मंडळींचे आहेत. उलट क्रूस दिसला कीं तो इराणी मंडळीचा, असेंहि म्हणूं नये. साष्टींतील वाटावाटांवर उभे असलेले क्रूस हे पोर्तुगीज व त्यानंतरच्या काळांतील आहेत. ज्या दगडावर क्रूसाची आकृति व पहलवी किंवा सिरियाक लेख अशीं दोन्ही एकत्र असतील, तोच या प्रश्नांत साक्षीदार होय. कल्याण, ठाणें, सोपारा व साष्टींतील जुनीं तळीं, वाड्यांचीं जोतीं, देवळांच्या ओट्यांत बसविलेले दगड यांचे ठसे कोणापाशीं असतील, तर ते घेतांना दगड हलवूं नये, स्थळ व दिशा यांची टिपण ठेवावी, व अक्षरें खडूनें रंगवूं नयेत. स्थळावांचून दगड मुका असतो.

एका अर्थीं ती गादी पुन्हां भरलीहि आहे. केरळांतून मुंबईच्या उपनगरांत नोकरीधंद्यासाठीं आलेल्या सीरो-मलबार पंथीय कुटुंबांकरितां इ. स. १९८८ त कल्याण येथें बिशपगादी स्थापन झाली. हा पंथ रोमशीं संलग्न असला तरी त्याची पूजापद्धति पौर्वात्य सिरियन आहे; म्हणजे ज्या भाषेंत कॉस्मासच्या काळचा बिशप कल्याणास प्रार्थना करी, त्याच भाषेच्या परंपरेंतील बिशप सुमारें साडेचौदाशें वर्षांनीं तेथें आला. यांत अखंड परंपरा पाहणें चुकीचें होईल. पहिला आला तो इराणी गलबतांच्या मागून, दुसरा आला तो मल्याळी कारकून, परिचारिका व कारागीर यांच्या मागून. परंतु बंदर असो कीं आगगाडीचें जंक्शन, परक्या मुलखांतून पोटासाठीं आलेल्या माणसांच्या पाठोपाठ त्यांचा देव व त्यांचा उपाध्याय कल्याणास येतो, ही कान्हेरीच्या दात्यांपासून चालत आलेली रीत मात्र मोडलेली नाहीं. त्या पहिल्या अनामिक बिशपाचें एवढें ऋण कल्याणच्या इतिहासकारानें मान्य करावें व त्याच्या एका ओळीस आपल्या ग्रंथांत जागा द्यावी, इतकीच आमची विनंती आहे.